साक्षीला बसलेली जिल्हा परिषद

विधिमंडळाच्या पंचायती राज समितीचा दौरा लागल्याचं पत्र आलं, की जिल्हा परिषदेच्या प्रत्येक विभागात एकच शब्द फिरतो : पीआरसी. जुन्या नस्त्या कपाटांतून बाहेर निघतात, अर्धवट कीर्दी पुऱ्या होतात, बदलून गेलेल्या लेखाधिकाऱ्यांना फोन जातात. धाराशिवपासून विधान भवन सुमारे चारशे किलोमीटरवर आहे. उमरग्याच्या किंवा परंड्याच्या माणसाला ते एरवी टीव्हीवरच दिसतं. समितीच्या रूपानं मात्र तेच विधिमंडळ तीन दिवस जिल्ह्यात मुक्कामाला येतं.

या समितीत दोन्ही सभागृहांचे, सर्व पक्षांचे आमदार असतात. मंत्री नसतात, कारण तपासायचं असतं शासनालाच. पहिल्या दिवशी स्थानिक आमदारांशी अनौपचारिक चर्चा होते आणि मग मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष. समोर असतो स्थानिक निधी लेखा विभागाचा लेखापरीक्षण अहवाल. अमुक बांधकामाचं मोजमाप पुस्तक कुठे आहे, तमुक अग्रिम इतकी वर्षं वसूल का झाला नाही, खरेदीला मान्यता कोणाची होती, असे प्रश्न परिच्छेदागणिक विचारले जातात. दुसऱ्या दिवशी सदस्यांचे गट तालुक्यांत विखुरतात. कोणी भूमकडे जातं, कोणी लोहाऱ्याकडे. शाळा, आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत बघून पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांची साक्ष घेतात. तिसरा दिवस वार्षिक प्रशासन अहवालाचा.

‘साक्ष’ हा शब्द इथे पुऱ्या वजनानं घ्यावा. समितीसमोर खोटं सांगितलं किंवा कागद दडवला, तर तो विधिमंडळाचा हक्कभंग ठरू शकतो. राज्यघटनेच्या १९४व्या अनुच्छेदाचं बळ त्यामागे आहे. जिल्ह्यात समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर खात्याच्या सचिवांना विधान भवनात साक्षीला बोलावलं जातं. मग अहवाल सभागृहात मांडला जातो आणि त्यातल्या शिफारशींवर काय केलं, हे शासनाला कळवावं लागतं. समिती स्वतः कोणाला निलंबित करत नाही. ती शिफारस करते. पण सचिवाला जिल्ह्यातल्या एका हातपंपाचा हिशेब द्यायला लावणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

महाराष्ट्राला ही सवय जुनी आहे. १९७२च्या दुष्काळात ज्या रोजगार हमीनं मराठवाडा जगवला, तिची कल्पना मांडणारे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. १९७७मध्ये तिचा कायदा झाला, आणि ती कामं तपासायला आजही विधिमंडळाची वेगळी समिती असते.

सामान्य माणसाची वाट मात्र दुसऱ्या दारानं सुरू होते. तक्रारी ऐकायचा तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्हाधिकारी कार्यालयातला पहिल्या सोमवारी. जिल्ह्याला अर्ज विहित नमुन्यात, पंधरा दिवस आधी, आणि तालुक्यात दाद मागितल्यानंतरच. न्यायालयात असलेलं प्रकरण चालत नाही, सेवाविषयक चालत नाही, वैयक्तिक नसलेलं गाऱ्हाणंही चालत नाही. हा शेवटचा नियम मला खटकतो. रस्ता, पाणी, शाळेचं गळकं छप्पर ही दुःखं गावाचीच असतात, त्यांना एकट्याचं कसं म्हणणार?

गावाच्या दुःखासाठी विनंती अर्ज समिती आहे, पण ती फार थोड्यांना ठाऊक आहे. नागरिकांनी केलेला अर्ज आमदार सभागृहात सादर करतो, समिती खात्याचं म्हणणं मागवते, गरज पडल्यास सचिवांची साक्ष घेते. धाराशिव जिल्ह्यात विधानसभेचे चार मतदारसंघ आहेत. वाढदिवसाच्या फलकांवर जितके आमदार दिसतात, त्याच्या दशांशानं जरी विनंती अर्ज त्यांच्या हातून गेले, तरी जिल्ह्याचं भलं होईल.

या व्यवस्थेचं खरं दुखणं उशीर हे आहे. पीआरसी जे लेखापरीक्षण तपासते, ते अनेकदा कित्येक वर्षांपूर्वीचं असतं. ज्यानं बिल काढलं तो निवृत्त झालेला, ठेकेदार दुसऱ्या जिल्ह्यात, आणि उत्तर द्यायला उभा असतो नुकताच रुजू झालेला अधिकारी. त्यातच आक्षेप एका फाइलीत आणि गावकऱ्यांची तक्रार दुसऱ्या फाइलीत राहते. लेखापरीक्षकाला जे कागदावर खटकलं, तेच गावाला डोळ्यांनी दिसलेलं असतं. पण दोघांची गाठ पडत नाही. दौऱ्यात लोक समितीच्या गाड्यांजवळ निवेदनं देतात ती तेवढ्यासाठीच. घाईत दिलेल्या त्या कागदावर ना आवक क्रमांक पडतो, ना त्याची पोच मिळते.

ही गाठ घालून देणं अवघड नाही. ग्रामपंचायतीला वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गावाच्या नावे लागलेले लेखा आक्षेप त्यातल्या एकीत मोठ्यानं वाचावेत, लोकांचं म्हणणं ठरावात नोंदवावं आणि त्या ठरावाची प्रत दौऱ्याआधी पंचायत समितीमार्फत समितीच्या कागदांना जोडावी. साक्ष देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर मग आक्षेपाचा आकडा असेल आणि त्याच पानावर, ते काम डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांचं म्हणणंही.