स्पार्क प्लग बदलताना काय पाहावं?

पेट्रोल किंवा सीएनजी इंजिनात इंधन-हवेचं मिश्रण पेटवणारी ठिणगी स्पार्क प्लग पाडतो. डिझेल इंजिनात तो नसतो. दुकानात सगळे प्लग सारखेच दिसतात, म्हणून निवड पायरीपायरीने करावी.

आधी गाडीसोबतची पुस्तिका उघडा. त्यात आपल्या इंजिनासाठीचा प्लगचा क्रमांक असतो. फक्त गाडीचं नाव सांगून प्लग मागू नका. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी इंजिनं येतात. जुन्या प्लगवरच्या क्रमांकावरही विसंबू नका. आधी कुणी चुकीचा प्लग बसवला असेल, तर आपणही तोच घ्याल.

मग मापं जुळवा. उदाहरणार्थ, एनजीकेच्या ‘बीपीआर६ईएस’ या क्रमांकात ‘बी’ म्हणजे आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर आणि ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. लांबी जास्त झाली तर प्लग पिस्टनवर आपटू शकतो. कमी पडली तर मोकळ्या आट्यांत काजळी साचते.

त्यातला ‘६’ हा हीट रेंजचा आकडा, म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती लवकर बाहेर सोडतो याचं माप. प्लग गरजेपेक्षा थंड असेल तर काजळी धरतो. फार गरम असेल तर मिश्रण वेळेआधी पेटून पिस्टनला इजा होते. सर्वाधिक घोळ इथेच होतो: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये मात्र गरम. त्यामुळे कंपनी बदलताना आकडा जुळवू नका, त्या कंपनीचा तक्ता पाहा.

आता धातू. निकेलचा प्लग स्वस्त, पण लवकर झिजतो. प्लॅटिनम आणि इरिडियम जास्त टिकतात. मूळचा प्लग इरिडियमचा असेल तर निकेलचा घेऊ नका. मात्र महाग प्लगने साध्या इंजिनाची ताकद वाढेल, ही अपेक्षाही ठेवू नका.

बसवण्याआधी गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, फीलर गेजने तपासा. बऱ्याच गाड्यांत ती ०.७ ते १.१ मिलिमीटर असते. इरिडियमचं टोक बारीक असतं, त्यावर जोर देऊ नका.

इंजिन थंड झाल्यावरच जुना प्लग काढा. आधी भोवतीची धूळ फुंकून टाका, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग आधी हाताने फिरवा आणि शेवटी टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या मापाइतकाच आवळा. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर जादा जोराने आटे जातात, आणि ती दुरुस्ती प्लगपेक्षा कितीतरी महाग पडते.

सगळे प्लग एकदमच बदला आणि पावती देणाऱ्या खात्रीच्या दुकानातूनच घ्या.