ओव्हलच्या पश्चिमेचा गिलावा

संपादकांना ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडच्या इमारतींवर लेख हवा होता. इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. बॅकबेची भरणी झाली आणि समुद्राकडून मिळवलेल्या जमिनीवर १९३०च्या दशकात इथे आर्ट डेको शैलीतल्या राहत्या इमारतींची रांग उभी राहिली. समोर, मैदानाच्या पूर्वेला, आधीच्या शतकातलं हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. या दोन्ही बाजूंना मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. पश्चिमेच्या रांगेतल्या एम्प्रेस कोर्टचे वास्तुविशारद ग. बा. म्हात्रे, मरीन ड्राइव्हवरचं सूना महालही त्यांचंच. हे नाव मराठी घरांत आज फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

पण माझा बहुतेक वेळ गेला तो या भागातल्या एका जुन्या इमारतीच्या परांचीवर, एका म्हाताऱ्या गवंड्याच्या शेजारी.

तो हातोडीच्या दांड्याने भिंतीवर ठोकत होता. टणक आवाज आला की हात पुढे सरके. बद्द आवाज आला की खडूने गोल. सज्जाखालची एक संपूर्ण बाजू अशी खडूच्या गोलांनी भरली. मग छिन्नीने एक गोल फोडला, तेव्हा आतली सळई दिसली: तांबूस, पापुद्रे सुटलेली, जागोजागी बारीक झालेली. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, म्हणून त्यात लोखंड सुरक्षित राहतं. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत गेला की ते संरक्षण संपतं; समुद्रावरच्या वाऱ्यातला क्षार ते काम आणखी लवकर करतो. लोखंडापेक्षा गंज कितीतरी जास्त जागा घेतो, आणि त्या दाबाने काँक्रीट आतून फुटतं. बाहेर फक्त केसाएवढी चीर दिसते. तिच्यावर रंग मारला की दोन पावसाळ्यांत रंगासकट ढलपा खाली येतो.

म्हणून आधी सळई उघडी करायची, घासायची, गरज असेल तिथे नवी जोडायची, गंजरोधक थर द्यायचा, मग काँक्रीट भरायचं. हे सगळं झाल्यावर नक्षी.

नक्षी म्हणजे इथे सज्जाखालून धावणारे तीन समांतर पट्टे. आर्ट डेकोला वेगाचं, आगबोटींचं वेड होतं. हे पट्टे त्याचीच खूण. ते हाताने कोरत नाहीत, ओढतात. शाबूत राहिलेल्या तुकड्यावरून पत्र्याचा फरमा कापतात, तो लाकडाला ठोकतात आणि भिंतीवर बसवलेल्या पट्टीच्या आधाराने ओल्या मालावरून फिरवतात. पहिला हात ओबडधोबड, दुसरा थोडा बरा, शेवटचा बारीक वाळूच्या मालाचा. कोपऱ्याच्या गोलाईवर सरळ पट्टी चालत नाही. तिथे त्याने प्लायवूडची पातळ पट्टी वाकवून बसवली आणि इमारतीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फरमा न थांबता नेला. मध्ये थांबलं की सांधा राहतो. मैदानाच्या या बाजूच्या इमारतींची तोंडं पूर्वेला, त्यामुळे सकाळचं तिरपं ऊन असा सांधा लपू देत नाही. त्याने मागे वळून पट्ट्याच्या खाचेवरून बोट फिरवलं, एक खडा काढून टाकला आणि पाणी मारायला मदतनिसाला हाक दिली. इतकं नेमकं काम मी फार कमी पाहिलं आहे.

अडचण कारागिराची आहेच, पण त्याहून मोठी पैशाची आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. १९९९च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, तीही त्याच मुळातल्या तुटपुंज्या रकमेवर. मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणतात, इमारत आमची नाही. दोघांचंही चूक नाही, आणि गंज कुणासाठी थांबत नाही. त्यातून सज्जे बंद केलेले, एसीचे पाइप नक्षीला भोक पाडून काढलेले, प्रत्येक मजल्यावर वेगळ्या खिडक्या. एका घराने जुनी ग्रिल काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या की शेजारचंही बसवतं.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र दुरुस्तीच्या नावाखालीच होतं. सपाट भिंत स्वस्तात आणि झटपट होते. मग ठेकेदार पट्टे छिलून टाकतो, गोलाई सरळ करतो, आणि काम संपल्यावर इमारत मजबूत असते पण ओळखू येत नाही. वारसा यादीतल्या इमारतींना निदान परवानगीचा अडसर आहे. दादर, माटुंगा, शिवाजी पार्कच्या गल्ल्यांतल्या याच काळातल्या कितीतरी इमारतींना तोही नाही.

तुम्ही अशा इमारतीत राहत असाल तर परांची चढण्याआधी दर्शनी भागाचे जवळून फोटो काढून ठेवा. नक्षीची मापं घ्या. निविदेत प्रत्येक पट्टा, प्रत्येक गोलाई वेगळी बाब म्हणून लिहायला लावा. आणि गिलावा फोडताना चांगला निघालेला एक तरी तुकडा डेब्रिजमध्ये जाऊ देऊ नका. नवा फरमा त्यावरूनच कापता येतो.