रिकाम्या घरातील अग्नी

इंग्लंडमधील लेस्टर येथे अनेक जैन कुटुंबे जुन्या घरांत राहतात. थर्मोस्टॅट २१ अंशांवर ठेवून सारे दुकानात गेले, तरी मागे गॅसचा बॉयलर पेटतच राहतो. रेडिएटर रिकाम्या खोल्या तापवितात. अग्निकायिक जीवांची जाणीव असलेल्यांस हा निव्वळ बिलाचा प्रश्न नव्हे; अनर्थदंडव्रताचेच हे क्षेत्र.

बॉयलर न बदलताही बहुधा वेळापत्रकानुसार चालणारा थर्मोस्टॅट बसविता येतो: पहाटेच्या सामायिकापूर्वी ऊब, दुकानाच्या वेळेत १६ अंश. जुन्या जोडणीत मात्र अनेकदा २३० व्होल्टचा प्रवाह असतो. ते काम जाणकार वीजतंत्रज्ञाचेच.

वृद्ध दिवसभर घरी असल्यास १६चा आकडा विसरावा. आजींची खोली १८ अंशांखाली जाऊ न देता अन्य खोल्यांतील रेडिएटरांच्या झडपा तेवढ्या कमी कराव्यात.