शटर कायमचं ओढण्याआधी

दुकान उघडताना मुहूर्त सांगणारे, नारळ फोडणारे, पेढे खाणारे पुष्कळ असतात. दुकान बंद कसं करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून मैत्रिणींनो, हा लेखनप्रपंच!

राजारामपुरीतल्या एका गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत कोल्हापुरात घरोघरी कॉम्प्युटर आले. बहुतेक असेंबल केलेले. रॅम सैल झाली, एसएमपीएस जळला, पावसाळ्यात मॉनिटर लागेना, की लोक ते धूड रिक्षात घालून आणायचे. ‘मालक कुठायत?’ असं विचारणाऱ्यांना ‘मीच!’ म्हणून सांगण्यात पहिली दोन वर्षं गेली. आता घरातला कॉम्प्युटर म्हणजे मोबाइल. लॅपटॉपची रॅमही पुष्कळदा बोर्डावर सोल्डर केलेलीच येते, बदलायची सोयच नाही. भाडं आणि कमाईची तोंडमिळवणी होईना, तेव्हा थांबायचं ठरवलं.

बातमी कळताच भंगारवाले मामा दारात हजर. ‘वहिनी, कशाला ताप करून घेताय? सगळं वजनावर घेतो की!’ घरातूनही तोच सूर, ‘देऊन टाक एकदाचं.’ पण वीस वर्षांचा संसार असा एका फटक्यात काट्यावर चढवायला मन धजेना. मी चार दिवस मागून घेतले आणि सामानाचे तीन ढीग केले.

पहिला ढीग विकण्याजोग्या वस्तूंचा. इथं गंमतच झाली. ज्याला आपण ‘जुनाट’ म्हणतो, तेच आधी खपलं! डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घ्यायला ट्रान्सपोर्टवाले आले, कारण कार्बन कॉपीचं बिल त्याच्यावरच निघतं. सिरियल पोर्टचे जुने मदरबोर्ड उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपने नेले. तिथलं मशीन जुन्या कॉम्प्युटरवरच चालतं आणि मशीन बदलायचं तर लाखांचा खर्च. उलट, त्यामानाने नवे वाटणारे काही कॉम्प्युटर पडून राहिले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अनेक जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. गिऱ्हाईक आधी तेच विचारतं. तेव्हा किंमत वयावर नाही, गरजेवर ठरते, हे ध्यानात ठेवा. प्रत्येक वस्तू चालू करून दाखवा आणि भाव चिठ्ठीवर लिहून चिकटवा. बाई बघून घासाघीस करणाऱ्यांची तोंडं त्या चिठ्ठीने बंद होतात!

दुसरा ढीग खऱ्या भंगाराचा. जुन्या टीव्हीसारख्या दिसणाऱ्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या की विषारी धूर होतो, आणि तो धूर बहुधा एखाद्या बाईच्या नि तिच्या लेकराच्याच नाकात जातो. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले, आणि १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम आले आहेत. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे हा ढीग दिला. मामांपेक्षा पैसे कमी मिळाले, पण झोप चांगली लागली.

तिसरा ढीग सगळ्यात अवघड. लोकांनी दुरुस्तीला टाकलेले आणि न्यायला न आलेले कॉम्प्युटर. मामा म्हणाले, ‘हार्डडिस्कसकट द्या, भाव वाढवून देतो.’ मी सरळ नाही म्हटलं. त्यातला एक कॉम्प्युटर पिग्मी गोळा करणाऱ्या एका ताईंचा होता. शेकडो खातेदारांची नावं, पत्ते, सह्या, ओळखपत्रांचे फोटो! साधं फॉरमॅट केलं म्हणजे मजकूर पुसला जातो असं नाही. वहीतलं अनुक्रमणिकेचं पान फाडावं आणि धडे तसेच राहावेत, तसं ते असतं. वहीतले जुने नंबर काढून मी एकेकाला फोन लावले. त्या ताई धावतच आल्या. ‘बाई गं, दुसऱ्याच्या हातात पडलं असतं तर लोकांनी मला दारात उभं केलं नसतं की ओ!’ ज्यांचा पत्ताच लागला नाही, त्यांच्या डिस्क उद्यमनगरात नेऊन ड्रिल मशीनखाली धरल्या. आरपार भोकं पडताना बघितली, मगच त्या भंगारात टाकल्या.

आता थोडं कागदपत्रांचं. जीएसटी नोंदणी असेल तर ती रद्द करून घ्या आणि त्यानंतर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र भरा. शिल्लक मालावर घेतलेली कराची वजावट परत करावी लागू शकते, म्हणून मालाची यादी आधीच करा. दुकान बंद केल्याचं शॉप अॅक्टच्या कार्यालयालाही कळवा. अनामत, वीज मीटर, नेटचं कनेक्शन, सगळ्याच्या पावत्या घ्या. आलेले पैसे आपल्याच खात्यात भरा. घरखर्चात विरघळले तर वीस वर्षांचा हिशेब उरत नाही.

सोल्डरिंग स्टेशन आणि स्क्रूड्रायव्हरचा संच मात्र मी चिठ्ठी न लावता ठेवला होता. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली, संच हातात घेऊन उलटसुलट बघू लागली. ‘मावशी, एकदम जमणार नाही, हप्त्यानं द्याल?’ तिला मोबाइल दुरुस्तीचं टेबल टाकायचंय. दिला. दोन हप्ते वेळेवर आलेत.

मल्टीमीटर तेवढा घरी आणलाय. कालच शेजारच्या काकू बंद पडलेला मिक्सर घेऊन आल्या होत्या.