जाम झालेले इंजिन : जोर नको, धीर हवा

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. त्या दिवशी आमच्या दुकानातील कापडाचे किती गठ्ठे भिजले, याचा हिशेब येथे मांडायचा नाही. कापड धुतले, वाळवले आणि मिळेल त्या भावाला विकले. सांगायचे आहे ते यंत्रांविषयी. पूर ओसरल्यावर पंप, जनरेटर, लाकूड कापण्याच्या मशिनी यांचे ढीग रस्त्यावर आले आणि भंगारवाल्यांनी ते किलोच्या भावाने उचलले. आमचा लहान जनरेटरही त्यातच गेला. इंजिन फिरत नव्हते म्हणून आम्ही दोरी जोर लावून ओढली. दोरी तुटली, स्टार्टरही मोडला. पुढे एका जुन्याजाणत्या उस्तादांनी आम्हाला ऐकवले, "शेठ, इंजिन मेले नव्हते, तुम्ही मारले." हे बोल आम्ही विसरलो नाही.

म्हणूनच दोन वर्षांनी एक तरुण लाकूडतोड्या आमच्या दुकानात गोणपाटात गुंडाळलेली करवत घेऊन आला, तेव्हा आम्ही त्याला थांबवले. बहिणीच्या लग्नाचे कापड त्याने आमच्याकडून उधारीवर नेले होते. तो म्हणाला, "चाचा, अब्बांची कटर आहे. पुरात बुडाली, तेव्हापासून जाम आहे. भंगारात जे येईल ते माझ्या खात्यावर जमा करा." ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगड भागात आंबा-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा याच करवतीवर त्या घराने कित्येक महिने रोजी कमावली होती. अशी वस्तू किलोच्या भावाने जमा करून घेणे आमच्या मनाला पटेना. आम्ही त्याला घेऊन सरळ त्या उस्तादांकडे गेलो. त्यांची उमर बोटींची इंजिने दुरुस्त करण्यात गेलेली. तेथे जे पाहिले आणि शिकलो, ते कारागीर बांधवांसाठी लिहीत आहोत.

करवत होती जर्मनीच्या स्टिल कंपनीची ०७०. ही कंपनी १९२६ सालची. १९५९ मध्ये तिने गिअर नसलेली 'कॉन्ट्रा' ही करवत काढली आणि एका माणसाने हाताळायच्या करवतीचे काम पुष्कळ सोपे झाले. ०७० ही त्याच घराण्यातली, १०६ सी.सी.ची, वजनदार आणि दणकट. अशा मशिनी सहसा झिजून मरत नाहीत, हेळसांडीने मरतात.

प्रथम इंजिनाची रचना समजून घेऊ. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. यात मोटारीसारखी तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे ओली ठेवते. पिस्टन अॅल्युमिनियमचा, त्यावरच्या रिंगा लोखंडी आणि सिलिंडरला आतून बहुधा क्रोमचा कठीण मुलामा. क्रोमला गंज लागत नाही, पण रिंगांना आणि बेअरिंगांना लागतो.

इंजिन जाम होण्याची कारणे मुख्यतः चार. पहिले, पाणी शिरून गंज धरणे. दुसरे, जुने पेट्रोल उडून जाऊन मागे राहिलेल्या तेलाचा डिंकासारखा थर बसणे. तिसरे, तेल कमी पडून इंजिन तापणे आणि पिस्टनचे अॅल्युमिनियम सिलिंडरला चिकटणे. चौथे, क्रँकची बेअरिंगे धरणे. कधी तर इंजिन चांगले असते आणि साखळी किंवा दोरीचा स्टार्टर तेवढा अडकलेला असतो. म्हणून उस्तादांनी आधी साखळी व पट्टी उतरवली, स्टार्टरचे झाकण काढले, प्लग काढला आणि मग फ्लायव्हीलला हात लावून पाहिला. ते हलले नाही. म्हणजे रोग आतच होता.

मग त्यांनी सायलेन्सर काढला. हे काम प्रत्येकाने करावे असे आहे, कारण सायलेन्सरच्या भोकातून पिस्टनची बाजू आणि रिंगा डोळ्यांनी दिसतात. तांबूस डाग असतील तर गंज. उभे ओरखडे असतील तर इंजिन तापून धरलेले. आमच्या करवतीत दोन्ही होते. उस्ताद म्हणाले, "पाणी नंतर आले. ही पुराच्या आधीपासून आजारी होती." या वाक्याकडे पुढे पुन्हा येऊ.

सोडवण्याची रीत अशी. करवत सिलिंडर उभा राहील अशी ठेवली. प्लगच्या भोकातून डिझेल आणि पातळ ऑइल निम्मे-निम्मे करून ओतले. काही भाग झिरपून खाली क्रँकमध्ये गेला, तेही बरेच, कारण बेअरिंगांनाही त्याची गरज होती. रोज सकाळी ओतायचे आणि फ्लायव्हीलच्या नटाला पाना लावून केसभर पुढे, केसभर मागे असे हलवून पाहायचे. हलले नाही तर पाना ठेवून द्यायचा. पाच दिवस काहीच झाले नाही. तो तरुण अस्वस्थ झाला, हातोडी मागू लागला. उस्तादांनी दिली नाही. प्लगच्या भोकातून सळई घालून ठोकले तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडते. दोरीने खेचले तर स्टार्टर मोडतो. आम्ही कापडवाले जाणतो, गुंता झालेला धागा ओढला की गाठ आणखी आवळते.

सहाव्या दिवशी त्यांनी ओतलेले तेल आधी काढून टाकले, करवत पुसून कोरडी केली आणि सिलिंडर गरम हवेच्या यंत्राने बेताने तापवला. गरम झाल्यावर अॅल्युमिनियम फुगते आणि पकड ढिली होते. येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. स्टोव्ह किंवा गॅसची ज्योत कधीही लावू नये. आत तेल-पेट्रोल असतेच, शिवाय अशा बऱ्याच करवतींचे खालचे घर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. ते पेटले तर पाण्याने विझत नाही, उलट भडकते. गरम केल्यावर पाना लावला आणि फ्लायव्हील दोन बोटे सरकले. तरीही घाई नाही. मागे-पुढे, मागे-पुढे करत अर्ध्या तासाने पूर्ण फेरा झाला. या वेळी प्लग काढलेलाच हवा. सिलिंडरमध्ये तेल साचलेले असताना प्लग लावून फिरवले तर तेल दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

तरुणाच्या चेहऱ्यावर हसू आले. "चाचा, सुटली! आता चालू करू." येथेच बहुतेक लोक फसतात. सुटलेले इंजिन म्हणजे दुरुस्त झालेले इंजिन नव्हे. का जाम झाले, हे सापडले नाही तर ते पुन्हा जाम होणार, आणि दुसऱ्या वेळी सिलिंडर घेऊनच जाणार.

उस्तादांनी सिलिंडर खोलला. पिस्टनवर ओरखडे होते, रिंगा खोबणीत बसून गेल्या होत्या. सिलिंडरचा मुलामा मात्र शाबूत होता, त्यावर अॅल्युमिनियम नुसते चिकटलेले होते. ते त्यांनी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने उतरवले. क्रोमच्या सिलिंडरला लेथवर घासून घेऊ नये, मुलामा गेला की सिलिंडर गेला. पिस्टन व रिंगा नव्या घेतल्या. नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांतली फट मोजली. ५८ मिलीमीटरच्या सिलिंडरला साधारण पाव मिलीमीटर फट पुरते. बेअरिंगे फिरवल्यावर खरखर लागत होती, तीही बदलली.

आणि मग मूळ रोग सापडला. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबराचे ऑइल सील असतात. जुनी सील उन्हात ठेवलेल्या चपलेसारखी कडक झाली होती. त्यांतून बाहेरची हवा आत जात होती. हवा वाढली की पेट्रोल-तेलाचे प्रमाण घटते, इंजिन जास्त फिरते, तापते आणि धरते. पुराच्या आधीपासूनचे ओरखडे याचेच. सील ही लहानशी वस्तू. तिच्याकडे कोणी पाहिले नसते तर नवा पिस्टनही काही दिवसांत तसाच झाला असता. त्याबरोबर कार्ब्युरेटरचे पातळ रबरी पडदे, पेट्रोलची नळी आणि फिल्टर बदलले, पॉइंट साफ केले.

पेट्रोलबद्दलही दोन शब्द. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून काम संपले की टाकी रिकामी करावी आणि उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे. चांगले टू-स्ट्रोक ऑइल एका लिटरला २० मिलीलिटर हे प्रमाण आज चालते. नवा पिस्टन बसवल्यावर पहिल्या काही टाक्यांना उस्तादांनी ४० मिलीलिटर घालायला लावले आणि पूर्ण जोरावर चालवू दिले नाही. बऱ्याच जुन्या करवतींना चेन ब्रेक नसतो, हेही कारागिराने विसरू नये. पट्टीचे टोक लाकडाला लागले तर करवत उसळून अंगावर येते.

आता व्यापाऱ्याचा प्रश्न : हा खर्च परवडतो का? आमचे मत असे की खोलण्याआधी हिशेब करावा. सिलिंडर आणि क्रँक चांगले असतील आणि सुटे भाग मिळत असतील तर दुरुस्ती करावी. दोन्ही गेले असतील तर हट्ट धरू नये. पण हा निर्णय सायलेन्सर काढून, डोळ्यांनी पाहून करावा, भंगारवाल्याच्या सांगण्यावरून नव्हे.

नदीकाठच्या बाजारातील बांधवांना शेवटची सूचना. पंप असो, जनरेटर असो, करवत असो, पुराच्या पाण्यात इंजिन बुडाले तर ते चालू करून पाहू नका. प्लग काढा, पाणी ओता, डिझेलने आतून धुवा, मग ऑइल घालून हाताने हळूहळू फिरवा. हे जितक्या लवकर केले तितकी गंज धरण्याची शक्यता कमी होते. आम्ही हे २०२१ मध्ये जाणत असतो तर आमचा जनरेटर आज दुकानात असता.

तो तरुण सध्या करवत चालवतो आहे. उधारी दर महिन्याला थोडी थोडी फिटते आहे. परवा हप्ता देताना त्याने करवतीची पिशवी उघडून दाखवली. टाकी कोरडी होती आणि प्लगच्या भोकाशी तेलाचा ताजा डाग होता.