दागशाल : काश्मिरी शालीवरील सरकारी ठसा

पेशवेकालीन कागदपत्रें चाळणारास 'शालजोडी' हा शब्द वारंवार भेटतो. कोणास वस्त्रें दिलीं, कोणाची सन्मानानें बोळवण केली, कीं तेथें शालजोडी आलीच. 'शालजोडीतले' मारण्याची आपली भाषा त्याच शिष्टाचारांतून निघाली. या शाली काश्मीरांत बहुधा जोडीनेंच विणीत. 'दुशाला' हें नांव त्यावरून पडलें. परंतु पुढें पुढें शाल गिऱ्हाइकाच्या खांद्यावर येण्यापूर्वीं तिच्यावर सरकारचा एक ठसा पडूं लागला. त्या ठशाची हकीकत येथें सांगावयाची आहे.

प्रथम वस्तूचें स्वरूप पाहूं. लडाखकडील चांगथांगच्या थंड पठारावरील शेळ्यांच्या लांब केसांखालीं जी मऊ लोकर येते, ती 'पश्म'. वसंत ऋतूंत ती विंचरून काढितात. तिचें सूत काश्मिरी स्त्रिया घरीं कांतीत. 'कानी' शालींत धोटा वापरीत नाहींत. प्रत्येक रंगाचा आडवा धागा लहान लांकडी काडीवर गुंडाळून तेवढ्याच जागेंत फिरवितात व शेजारच्या रंगाशीं गुंतवून मागें वळवितात. उत्तम शालीस एक माग दीड दीड वर्ष अडून राही. म्हणून पुढें एकाच शालीचे तुकडे निरनिराळ्या मागांवर विणून रफूगर ते बेमालूम सांधूं लागले.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष गोडी वाटेल ती 'तालीम' या कागदाची. नक्काश चित्र काढी. तें पुढें ठेवून 'तरह-गुरू' खालच्या कडेपासून एकेका ओळींतील रंग व धाग्यांची संख्या उच्चारी, आणि 'तालीम-गुरू' तें सांकेतिक चिन्हांनीं लिहून घेई. विणकरापुढें चित्र नसे, ही लिपि असे. एखादें जीर्ण पान हातीं आल्यास तें हिशेबाचा टिपणवजा कागद समजून टाकूं नये. तो विणकामाचा संहितापाठ होय.

आतां ठसा. फारसी 'दाग' म्हणजे खूण, डाग. मोगलाईंत स्वारांच्या घोड्यांस डाग देण्याच्या पद्धतीसहि हेंच नांव होतें. काश्मीरांत अफगाण अंमल असतां, हाजी करीमदाद खानाच्या सुभेदारींत (१७७६–८३), शालींवर हा कर बसला व 'दागशाल' हें खातें निर्माण झालें. मालाची किंमत ठरवावी, कर घ्यावा आणि वस्त्रावर ठसा उमटवावा, असा क्रम होता. विल्यम मूरक्रॉफ्ट १८२२–२३ मध्यें तेथें राहिला. त्या शीख अमदानींत कराचें प्रमाण किंमतीच्या शेंकडा २६ होतें.

या कराचा परिणाम कलेवरहि झाला. १८०३ च्या सुमारास ख्वाजा युसुफ हा आर्मेनियन अडत्या इस्तंबूलच्या पेढीसाठीं काश्मीरांत आला. अलीबाबा नामक रफूगराच्या साहाय्यानें त्यानें साध्या शालीवर सुईनें नक्षी भरविली. ही 'अमली' शाल फार कमी खर्चांत तयार होई, आणि मागावरील नक्षीस लागणारा कर आरंभीं तिला लागत नसे. नव्या शैलीच्या प्रसाराचें एक कारण म्हणजे ही सवलत.

१६ मार्च १८४६ च्या अमृतसर तहानें काश्मीर गुलाबसिंगाकडे आलें. त्यानें इंग्रजांस दरसाल एक घोडा, शालीच्या लोकरीच्या १२ शेळ्या (६ नर व ६ मादी) आणि शालींच्या ३ जोड्या द्याव्या, असें ठरलें. अशा रीतीनें शाल तहाच्या कलमांत मिरवली. विणकर मात्र दागशाल खात्याच्या जाचांत राहिला. कर भरून हातीं थोडें उरे, आणि धंदा सोडण्याची मोकळीक नसे. शेवटीं २९ एप्रिल १८६५ रोजीं श्रीनगरच्या झालडगर मैदानांतून विणकर या खात्याविरुद्ध निघाले. फौजेनें त्यांस रेटलें. पुष्कळजण कुटकुल कालव्यांत पडले. २८ जण बुडून मेल्याचें सांगतात.

लगेच पुढील वर्षीं, १८६६ मध्यें, त्याच संस्थानचीं टपाल-तिकिटें निघालीं. जलरंगानें देशी कागदावर हातांनीं उठविलेलीं तीं वाटोळीं तिकिटें आज संग्राहक मोठ्या किंमतीस घेतात. १८९४ मध्यें तीं बंद झालीं. त्यांवर अक्षरें आहेत, मोहोर आहे. ज्या शालीनें संस्थानचें नांव जगभर नेलें तिचें चित्र नाहीं. शालीवर राज्याचा ठसा पडला; राज्याच्या तिकिटावर शाल आली नाहीं.

१८७०–७१ चें फ्रान्स-प्रशियाचें युद्ध व पालटलेली रुचि यांनीं परदेशची बाजारपेठ बुडविली, आणि १८७७–७९ च्या दुष्काळानें उरलेले विणकरहि देशोधडीस लाविले. तालमीची विद्या मुख्यतः गालिच्यांच्या मागांवर टिकली. २००८ मध्यें 'काश्मीर पश्मीना' या नांवास भौगोलिक निर्देशाची नोंदणी मिळाली, आणि परीक्षा केलेल्या मालावर खुणेची चिठ्ठी लागूं लागली. पूर्वींची खूण खजिन्यासाठीं होती, ही कारागिराच्या नांवासाठीं आहे; हा भेद लहान नव्हे.

संग्राहकांस शेवटीं एक विनंति. घरांत जुनी शाल असेल तर तिची उलट बाजूहि पाहावी. रंग पालटतो तेथें धागे वळून बारीक उंचवटा आलेला दिसल्यास ती कानी. सुईचे टांके दिसल्यास अमली. आणि कापलेल्या धाग्यांचीं टोकें दिसल्यास युरोपांतील यंत्रमागाची नक्कल समजावी. कोठें पुसट ठसा आढळल्यास तो मळ समजून धुऊं नये. त्या चार रेषा वाचण्यास दुसरें साधन उरणार नाहीं.