इच्छापूर्तीचा विनोद : ‘जागो मोहन प्यारे’ आणि मराठी कुटुंबातील जिन

बीजसंज्ञा : अद्भुतरम्य विनोद, दूरचित्रवाणी मालिका, जिन, मध्यमवर्गीय कुटुंब, लोककथा, इच्छा आणि ऋण

१. प्रस्तावना

मराठी दूरचित्रवाणी मालिकांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने दीर्घकाळ चाललेल्या कौटुंबिक मालिकांकडे जाते. काही महिन्यांत संपलेल्या मालिका मात्र समीक्षेच्या आणि अभ्यासक्रमाच्या कक्षेबाहेरच राहतात. झी मराठी वाहिनीवर २०१७ मध्ये सुरू झालेली ‘जागो मोहन प्यारे’ ही अशीच एक अल्पायुषी मालिका होय. अतुल परचुरे यांनी साकारलेला मोहन हा घर आणि कार्यालय या दोन्ही ठिकाणी दबलेला सामान्य माणूस. त्याच्या आयुष्यात श्रुती मराठे यांनी साकारलेली भानू ही जिन येते आणि त्यातून विनोदी प्रसंगांची मालिका उभी राहते. मोहनच्या पत्नीची भूमिका सुप्रिया पाठारे यांनी केली होती. अरबी कथापरंपरेतील जिन मराठी मध्यमवर्गीय घरात आणताना विनोदाची कोणती यंत्रणा वापरली जाते, आपल्या लोकपरंपरेतील इच्छापूर्तीच्या कल्पनेपेक्षा ती कशी वेगळी ठरते आणि वर्गात अशा मालिकेचा उपयोग कसा करता येईल, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. जिनचा प्रवास

इस्लामी श्रद्धेनुसार जिन ही धूरविरहित अग्नीपासून निर्माण झालेली योनी आहे. मनुष्याप्रमाणेच तिच्यातही सुष्ट आणि दुष्ट असतात. दिव्यात कोंडलेला आणि मालकाची आज्ञा पाळणारा जिन मात्र कथेने लोकप्रिय केला. अलाउद्दीनची कथा आंत्वान गालाँ या फ्रेंच अनुवादकाने अठराव्या शतकाच्या आरंभी आपल्या ‘अरेबियन नाइट्स’च्या भाषांतरात समाविष्ट केली. ती त्याला हन्ना दियाब या सिरियन कथेकऱ्याने १७०९ मध्ये पॅरिस येथे सांगितली होती. मराठीत ‘अरेबियन नाइट्स’ आणण्याचे कार्य एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी आरंभिले. पुढे बालवाङ्मयात दिव्यातल्या जिनला ‘राक्षस’ हा परिचित शब्द मिळाला. या शब्दाने त्याचे आकारमान आणि बळ सूचित झाले. त्याची गुलामी मात्र त्यात पुरेशी उतरली नाही.

दूरचित्रवाणीने या जिनमध्ये मोठा बदल घडवून आणला. सिडनी शेल्डन निर्मित ‘आय ड्रीम ऑफ जीनी’ ही अमेरिकन मालिका १९६५ ते १९७० या काळात प्रसारित झाली. तीत धिप्पाड पुरुष जिनच्या जागी बाटलीतून निघालेली तरुण स्त्री आली आणि तिचा ‘मालक’ अंतराळवीर झाला. सब वाहिनीवरील ‘जीनी और जूजू’ (२०१२–२०१४) या हिंदी मालिकेने हाच आराखडा भारतीय वातावरणात आणला. १९९७ मध्ये अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर आलेल्या ‘यू विश’ या मालिकेत जिन पुन्हा पुरुष होता आणि तो एका आईच्या व तिच्या मुलांच्या घरात राहू लागला. ती मालिकाही अल्पायुषी ठरली. ‘जागो मोहन प्यारे’चे नाते यांपैकी स्त्री-जिनच्या परंपरेशी अधिक जवळचे आहे.

३. सर्वशक्तिमान पात्राची अडचण

प्रसंगनिष्ठ विनोदाचा पाया अडचण हा असतो. साहेब रागावतो, पाहुणे अवेळी येतात, पैसे कमी पडतात आणि त्यातून हास्य निर्माण होते. श्रीयुत गंगाधर टिपरे यांच्या घरातील विनोद असाच रोजच्या लहानसहान पेचांतून फुलत असे. आता याच घरात क्षणार्धात सर्व काही करू शकणारे पात्र आणले, तर अडचण उरतच नाही आणि तिच्याबरोबर विनोदही संपतो. म्हणून अशा मालिकांना जिनच्या शक्तीला कुंपण घालावे लागते.

हे कुंपण सर्वसाधारणपणे तीन प्रकारचे असते. पहिले अज्ञानाचे : जिनला मानवी व्यवहार कळत नाहीत, त्यामुळे ती आज्ञेचा शब्दशः अर्थ घेते. दुसरे गुप्ततेचे : तिचे खरे स्वरूप इतरांना कळू नये म्हणून नायकाला थापा माराव्या लागतात. तिसरे नीतीचे : फुकट मिळालेले यश नायकालाच बोचू लागते आणि तो परत आपल्या कष्टांकडे वळतो. प्रत्येक भागाच्या अखेरीस परिस्थिती पूर्ववत होणे हा या प्रकाराचा अलिखित नियम आहे. मोहनचे दारिद्र्य, भय वा संकोच कायमचा नष्ट झाला, तर पुढचा भाग लिहिण्याचे कारणच संपते. म्हणजे इच्छापूर्तीची कथा टिकण्यासाठी इच्छा अपुरी राहणेच आवश्यक असते. याच कारणाने या प्रकाराचे आयुष्य स्वभावतः मर्यादित असते, असे म्हणता येईल.

मालिकेचे शीर्षकही या दृष्टीने लक्षणीय आहे. ‘जागो मोहन प्यारे’ ही भैरव रागातील प्रसिद्ध बंदिश, तसेच १९५६ च्या ‘जागते रहो’ या हिंदी चित्रपटातील गीताचेही हे शब्द. झोपलेल्या कृष्णाला जागे करणारी ही हाक येथे एका दबलेल्या नोकरदाराला उद्देशून येते. देवाला जागे करणारे शब्द सामान्य माणसाला लावणे हा विनोद खराच. परंतु मोहनला जागे व्हायचे आहे ते स्वतःच्या बळाविषयी, हा गंभीर आशयही त्यात दडलेला आहे.

४. मागणे आणि फेडणे

आपल्या परंपरेत इच्छापूर्तीची साधने विपुल आहेत : कल्पवृक्ष, कामधेनू, चिंतामणी. ज्ञानेश्वरांच्या पसायदानात कल्पतरू आणि चिंतामणी यांच्या प्रतिमा येतात; परंतु तेथील मागणे एका व्यक्तीसाठी नसून समस्त प्राणिमात्रांसाठी आहे. लोककथेतही देणाऱ्या शक्तीचे स्वामित्व कोणा एकाकडे जात नाही. महाराष्ट्रात अनेक तळी, विहिरी आणि किल्ल्यांवरील टाकी यांच्याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. लग्नकार्यासाठी भांडी हवी असली की पाण्याकडे मागणे करावे, भांडी वर येत. कार्य झाल्यावर ती परत करावी लागत. कोणा लोभी माणसाने एखादे भांडे ठेवून घेतले आणि पाण्याने देणे कायमचे थांबविले.

मावळ तालुक्यातील वडिवळे हे गाव कुंडली नदीवरील धरणामुळे ओळखले जाते. अशा नदीकाठच्या गावातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला साती आसरा नव्याने सांगाव्या लागत नाहीत. पाण्याच्या या देवतांचे नाव ‘अप्सरा’ या शब्दाशी जोडले जाते. त्यांची ओटी भरली जाते, त्यांना नवस बोलला जातो आणि तो फेडलाही जातो. आसरांना कोणी बाटलीत कोंडत नाही, त्यांचा कोणी ‘मालक’ नसतो. येथे मागणारा ऋणी असतो. दिव्याच्या कथेत देणारा बांधील असतो. हा भेद मूलगामी आहे.

आता जिनच्या मालिकेकडे पाहिले की एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो. चुटकीसरशी काम करणारी, मोबदला न मागणारी, घरातच वास्तव्य करणारी स्त्री हे पात्र आपल्याला खरोखरच अपरिचित आहे काय? मध्यमवर्गीय घरात न दिसणारे, न मोजले जाणारे काम गृहिणी रोज करीत असते. तिचे काम सवयीचे म्हणून अदृश्य आणि जिनचे तेच काम चमत्कार म्हणून कौतुकाचे, ही विसंगती या प्रकाराच्या मुळाशीच आहे. पत्नी कटकटी आणि जिन आज्ञाधारक अशी विभागणी विनोदाला सोयीची असते. पण पत्नी मोबदल्यात निदान उत्तर मागते, हेच तिचे माणूसपण ठरते.

याच वाहिनीवर २०१९ मध्ये आलेल्या ‘भागो मोहन प्यारे’ या मालिकेत परचुरे यांच्यासमवेत जिनऐवजी हडळ आली, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण वाटते. हडळ ही आपल्या लोकसमजुतीतील. ती आज्ञा पाळत नाही. तिला स्वतःची इच्छा असते. ‘जागो’चे ‘भागो’ होणे हा केवळ शब्दखेळ नसून, मागणाऱ्या पुरुषाकडून पळणाऱ्या पुरुषाकडे झालेला तो प्रवास आहे.

५. अध्यापनातील उपयोग

मराठी, समाजशास्त्र आणि माध्यमविद्या या विषयांच्या अध्यापकांना अशा मालिकेचा एखादा भाग वर्गात दाखवून पुढील प्रश्न विचारता येतील. इच्छा कोणाची आहे? काम कोण करते? किंमत कोण मोजते? भागाच्या शेवटी कोण पूर्वीच्याच जागी परत जाते? याला जोडून विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील नवस, आसरा, वेताळ वा भांडी देणाऱ्या पाण्याच्या कथा घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहून आणाव्यात. या कथा आणि मालिका शेजारी ठेवल्या की तौलनिक अभ्यासाला स्वतंत्र साहित्य उपलब्ध होते.

६. निष्कर्ष

अतुल परचुरे यांचे १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निधन झाले. रंगभूमीवर पु. ल. देशपांडे साकारणारा नट म्हणून त्यांची आठवण राहील. मोहनची आठवण मात्र आपण नोंदविली तरच राहील. छापील पुस्तक ग्रंथालयात सापडते, मालिका वाहिनीच्या मर्जीवर अवलंबून असते. एखादी मालिका किती काळ चालली यावरून तिचे समाजशास्त्रीय मूल्य ठरत नाही. अल्पायुषी मालिकांतही समाज आपल्या इच्छा आणि त्या इच्छांचा भार वाहणारी माणसे नकळत दाखवून जातो. विद्यार्थ्यांच्या घरातील कथा आणि पडद्यावरील कथा यांची एकत्र नोंद ठेवणे हे महाविद्यालयीन अध्यापकांना सहज शक्य असलेले आणि आज तातडीचे झालेले कार्य आहे.